कावळे: शून्य

रविवार, १ सप्टेंबर २०२४

ही वही माझ्या बायकोने, कादंबरीने, जानेवारीत आणून दिली. "माझ्याशी बोलत नाहीस, तर वहीशी तरी बोल," असं म्हणाली. मला बोलण्यासारखं काही नव्हतं. आई गेली, वाईट झालं, सगळ्यांच्याच आया जातात. तिकीट मिळालं नाही म्हणून शेवटची भेट झाली नाही, त्याला माझा इलाज नव्हता. वही आठ महिने कोरी राहिली.

आज मात्र लिहितो, कारण आज मी सभा जिंकली. जिचिकाईची, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या रहिवासी मंडळाची. या वर्षी मंडळावर सातव्या मजल्याची पाळी आली आणि मजल्यावरच्या भारतीयांत जपानी वाचता येणारा मी एकटाच निघालो. विषय होता कावळे. मंगळवार-शुक्रवार जळाऊ कचऱ्याचे दिवस. जाळी टाकली, विटा ठेवल्या, तरी आमच्या हिगाशी-कसाई भागातले कावळे पिशव्या फाडतात आणि माशांचे काटे सायकलींवर मांडून ठेवतात. मी सोळा दिवस मोजणी केली होती. रोज सरासरी तेवीस कावळे. आलेख दाखवला, मग उपाय दाखवला: एक बाई हॅरिस हॉक नावाचा शिकारी पक्षी हातावर घेऊन आवारात फिरतात. तो कावळे मारत नाही, नुसता दिसतो. त्याला बघून कावळे जागा सोडतात.

अध्यक्ष नागाशिमा-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी आलेखाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, तीन महिने करून बघू, नोव्हेंबरअखेर आकडा शून्यावर आला तर कायमचं करू. सूचनाफलकावर रोजचा आकडा लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

सकाळी सातला मिझुनो-सान आल्या. साठीच्या, बारीक चणीच्या, गुडघ्यापर्यंत बूट. हातमोज्यावर पक्षी. गडद तपकिरी, खांद्यावर आणि मांड्यांवर तांबूस, पाय पिवळे लांब, शेपटीचं टोक पांढरं. नाव कोमुगी, म्हणजे गहू. मादी आहे.

शिवानी शाळेत जायच्या आधी गणवेशात खाली धावली. एरवी सातवीतल्या या मुलीला उठवायला मला तीन हाका माराव्या लागतात. मिझुनो-सान तिला सांगत होत्या की बहुतेक शिकारी पक्षी एकटे राहतात, पण हे अमेरिकेच्या वाळवंटात कुटुंबाने राहतात, मिळून शिकार करतात, थोरली भावंडं धाकट्यांना भरवतात. म्हणूनच माणसाच्या हातावर त्यांना परकं वाटत नाही.

आजचा आकडा: अकरा. पहिल्याच दिवशी निम्म्याच्या खाली.

शनिवार, १४ सप्टेंबर

पक्षपंधरवडा बुधवारपासून. आपली मंडळी गॅलरीत पान ठेवणार आणि माझ्या आलेखाची वाट लावणार, म्हणून आज सूचना लिहून लावली. जपानी, इंग्रजी, मराठी. "गॅलरीत पक्ष्यांसाठी अन्न ठेवू नये. श्राद्धाचे पानही ठेवू नये. सहकार्य करावे." खाली माझी सही.

चौथ्या मजल्यावरचा नरेंद्र लिफ्टमध्ये भेटला. मूळ नागपूरचा, तोंड कधी बंद नसतं. "अंबरीष, अरे आमच्या आजोबांनी जेवायला जायचं कुठे? पार सेंदाई शहरात?" लिफ्टमधले सगळे हसले. मी म्हटलं, आजोबांना ऑनलाइन जेवायला घाला. तेव्हाही हसले.

कादंबरी हसली नाही. वर आल्यावर म्हणाली, "आपलंही नोव्हेंबरात आहे." मी म्हटलं, नोव्हेंबर लांब आहे.

रविवार, २२ सप्टेंबर

आकडा काल पहिल्यांदा शून्य झाला. आजही शून्य. फलकावर तक्ता लावला आहे. तारीख, कावळे, शेरा असे तीन रकाने. शेऱ्यात काहीच नाही. शून्यावर काय शेरा मारणार?

जेवताना शिवानीने तिचा शोध सांगितला. अर्धं जपानीत, अर्धं इंग्रजीत, आणि आई रागावली की दोन शब्द मराठीत. कोमुगीच्या जातीला हॅरिस हे नाव एका पक्षीचित्रकाराने दिलं. हॅरिस त्याचा मित्र, त्याला मदत करायचा. जपानीत त्याच पक्ष्याला 'तांबड्या मांडीचा' असं काहीतरी म्हणतात. आणि आता अमेरिकेतले पक्षीतज्ज्ञ म्हणताहेत की माणसांची नावं पक्ष्यांना नकोतच, बदलून टाकू.

"बाबा, मराठीत काय म्हणतात?"

काहीच म्हणत नाहीत. घार नाही, शिक्रा नाही, ससाणा नाही. आपल्याकडे तो पक्षीच नाही. मी 'तांबमांड्या' असं सुचवलं, त्यावर कादंबरीला ठसका लागला.

"पण पक्ष्याला कोणी विचारलंच नाही ना," शिवानी म्हणाली. "आजीचं पण तसंच झालं. सुचित्रा आजीचं."

ही सुचित्रा आजी कोण, कुठल्या कार्टूनमधली, मला कळलं नाही. मी सोमवारच्या कॉलची तयारी करायला उठलो.

शनिवार, १२ ऑक्टोबर

ताईचा फोन. वर्षश्राद्ध तिथीने बावीस नोव्हेंबरला येतं, शुक्रवारी. पुण्याला येणार का, असं तिने विचारलं. मी सांगितलं की पंचवीसला आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, आठवडाभर आधी कोणालाच सुट्टी नाही, इथेच करीन. देवदत्त गुरुजी व्हिडिओवर सांगतात, हल्ली सगळे तसंच करतात.

"तिकीट मिळत नसेल," ताई म्हणाली.

"तिकिटाचा प्रश्न नाही गं, रिलीज आहे."

"हो का. या वेळी तिकिटाचा प्रश्न नाही."

राधिकाताई हे असं बोलते. पुढे काही विचारलं तर "काही नाही" म्हणते. आईचं सगळं तिनेच केलं, अग्नीही तिनेच दिला, तेव्हापासून तिचा आवाज थोडा कोरडाच असतो. थकली असेल.

आकडा शून्य. सलग बावीस दिवस.

रविवार, ३ नोव्हेंबर

गुरुजींशी बोललो. सामानाची यादी घेतली. दर्भ इथे मिळतात का बघायचं, केळीची पानं भारतीय दुकानात फ्रीझरमध्ये असतात. आई, आजी आणि पणजी अशी तीन पिढ्यांची नावं लागतील म्हणाले. आई कल्पना, आजी भागीरथी. पणजीचं नाव मला माहीत नाही, ताईला माहीत नाही. नाव न आठवल्यास शास्त्रात सोय आहे, म्हणाले. म्हणजे आपण पहिलेच नाही.

मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "बाकी सगळं मी सांगतो. तेवढा कावळा बघा."

मी "हो" म्हटलं. फोन ठेवला. मग गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरची तार रिकामी, पाण्याची टाकी रिकामी, कचऱ्याच्या जाळीवर एक मांजर. सलग चव्वेचाळीस दिवस शून्य. एक्सेलमध्ये आहे सगळं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

कादंबरी म्हणते, कावळा आला नाही तर दर्भाचा करतात, त्यात काय एवढं. तिला माहीत आहे की तेच नको आहे. गेल्या वर्षी दहाव्याला घाटावर तसंच झालं. पिंड ठेवले, कावळे झाडावर बसलेले, एक खाली येईना. लोक पुढे होऊन सांगत होते. मोरूमामा म्हणाला, तुझ्या तुळशीला पाणी घालीन. ताई म्हणाली, अंबरीष सुखरूप आहे, काळजी करू नको. मीही म्हटलं काहीतरी. चाळीस मिनिटं झाली. सगळ्यांनाच उशीर होत होता, मला चारचा कॉल होता, म्हणून मी गुरुजींना म्हटलं की आटपा. त्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला. परत येताना गाडीत ताई एवढंच म्हणाली, "अर्धा तास थांबला असतास."

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. कावळा शिवतो तो भुकेने शिवतो. पण या वेळी खराच शिवायला हवा. का, ते मला विचारू नये.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

मिझुनो-सानना खाली गाठलं. माझ्या जपानीत मृत आई, केळीचं पान आणि कावळा हे कधी एका वाक्यात आले नव्हते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. आपल्या आईच्या फोटोपुढे त्याही रोज भात ठेवतात, म्हणाल्या, फक्त तो खायला कोणी यावं लागत नाही.

बावीसला येऊ नका, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या की ठरलेला दिवस त्यांना मोडता येणार नाही, आणि मोडून उपयोगही नाही. "कावळे विसरत नाहीत, अंबरीष-सान. एकदा घाबरले की कोमुगी नसतानाही ती आहे असंच समजतात. त्यांना परत यायला फार दिवस लागतात." मग म्हणाल्या, "तुमच्या गॅलरीच्या बाजूला त्या दिवशी नेणार नाही. तेवढं जमेल."

कोमुगी माझ्याकडे बघत होती. माझ्याच प्रेझेंटेशनमुळे ही इथे आली. मी तिला "सुमिमासेन" म्हटलं, माफ कर म्हणून. सहकारी म्हणतात, त्यांच्याइतकीच नम्रतेची सवय मला लागली आहे.

रविवार, १० नोव्हेंबर

नदीकाठच्या बागेत जाऊन आलो. कावळे आहेत, शेकड्याने. आणि दर वीस पावलांवर पाटी: पक्ष्यांना खाऊ घालू नये. चित्रात हसरा कावळा आणि त्यावर लाल काट. परत आलो तर आमच्या फलकावर माझी सूचना, तीन भाषांत, माझ्या सहीसकट. मी ती काढली नाही. नियम काही एकट्यासाठी नसतो. घरी आल्यावर कादंबरीवर उगाच ओरडलो, दर्भ चुकीच्या डब्यात ठेवले म्हणून. तिने डबा बदलला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

मोरूमामाला फोन केला, पणजीचं नाव विचारायला. त्यालाही ठाऊक नाही. "तुमच्या घराण्यातल्या बायकांची नावं मला कशी रे माहीत असणार? आमच्या सुचित्राचं नावसुद्धा तुम्ही ठेवून नाही घेतलंत."

मी विचारलं, कोण सुचित्रा.

मामाने मग सांगितलं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने 'कल्पना' लिहिलं, तेव्हा आई वीस वर्षांची होती. नाव तिच्या आतेसासूने ठरवलं होतं. आईला ते कधी आवडलं नाही. मामाकडे माहेरपणाला गेली की पहिल्या दिवशी म्हणायची, "मोरू, मला हाक मार." तो हाक मारायचा, ती ओ द्यायची, आणि मग चहा व्हायचा. मी लहानपणी दहा वेळा हे बघितलं असणार. खेळ चाललाय असं वाटायचं.

शिवानीच्या खोलीत गेलो. ती हेडफोन लावून बसली होती. सुचित्रा आजी म्हणजे कोण, असं विचारलं. "आपली आजी. रविवारी कॉलवर तिने शिकवलं ना. मला म्हणाली, तू तरी मला माझ्या नावाने म्हण. You were in the next room, Baba." मी त्या रविवारी शेजारच्या खोलीत होतो. दर रविवारी असायचो.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी मिझुनो-सान आल्या. कोमुगीला मागच्या बाजूने नेलं, सांगितलं होतं तसं. जाताना वर बघून वाकल्या.

अकराला गुरुजी व्हिडिओवर आले. तांदळाचे पिंड, तीळ, दर्भ. ताई पुण्याहून जोडलेली. तिथे साडेसात वाजले होते, न्हाऊन बसली होती. नावं घ्यायची वेळ आली तेव्हा मी गुरुजींना विचारलं, माहेरचं नाव घेतलं तर चालेल का. ते म्हणाले, विधीत सासरचंच घ्यायचं. मी कल्पना म्हटलं. साडेबाराला गुरुजी उठले, त्यांना दुसरीकडे जायचं होतं. ताई थांबली.

पान गॅलरीत ठेवलं. वरण-भात, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, चार उडदाचे वडे. ताईशी जोडलेला फोन तुळशीच्या कुंडीला टेकवून ठेवला, म्हणजे तिला पान दिसेल. आणि बसलो. कादंबरीने दार अर्धं लोटून घेतलं.

एक वाजला. दीड वाजला. दोनच्या रिलीज कॉलची आठवण वाजली. मी टीमला लिहिलं की आज मी नाही, तुम्ही घ्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा लिहिलं असेल. लगेच उत्तर आलं, "ठीक आहे, अंबरीष-सान." बस, एवढंच. मी नसलो तरी कॉल होतो.

लोक घाटावर म्हणतात तसं मीही म्हणून बघितलं. तुळस जिवंत आहे. शिवानी ठीक आहे, तिला मराठी शिकवीन. पुढच्या वर्षी पुण्याला येईन. तारेवर काही नाही. तुला इथे आणायचं होतं, पासपोर्ट काढून तीन वर्षं तयार होतीस, मी दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणालो. तरी काही नाही.

मग मी फोनकडे न बघता ताईला सांगितलं. "ताई, तिकीट होतं."

मी तसाच पुढे बोलत गेलो.

"तू शुक्रवारी फोन केलास, ये म्हणालीस. शनिवार सकाळच्या विमानात सात जागा होत्या. मी स्क्रीनवर बघितल्या. बुधवारी डेमो होता. मला वाटलं, आई थांबेल, चार दिवसांचा तर प्रश्न. मी ते पान बंद केलं आणि तुला सांगितलं की तिकीट नाही. डेमो चांगला झाला." मला रडू आलं. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला येतं तसं, आवाज करून, नाक गळत.

ताई म्हणाली, "मला माहीत आहे."

"कसं?"

"शुक्रवारी रात्री मीच बघत होते ना, तुझ्यासाठी. सात जागा होत्या. शनिवारी पहाटेपर्यंत सातच होत्या."

"वर्षभर बोलली नाहीस."

"तू सांगशील म्हणून थांबले. राग होताच रे. अजून आहे थोडा." मग म्हणाली, "आईने विचारलं होतं, अंबू निघाला का. मी सांगितलं, निघालाय. ती बरं म्हणाली. आता उठू नकोस तिथून."

मी उठलो नाही. ताईही उठली नाही. तिच्या मागे कुकरच्या शिट्ट्या झाल्या, कोणीतरी तिला चहा आणून दिला, तोही तिने बाजूला ठेवला.

पावणेचारला शिवानी शाळेतून आली. भुकेली होती. आमच्यात पान शिवल्याशिवाय जेवत नाहीत हे कादंबरीने तिला सांगितलं असणार, कारण तिने काही मागितलं नाही. दप्तर घेऊनच गॅलरीत माझ्याजवळ उकिडवी बसली. माझ्या तोंडाकडे बघितलं, पानाकडे बघितलं, आणि स्वच्छ मराठीत हाक मारली. "सुचित्रा आजी, ये ना जेवायला."

मीही म्हटलं. आईला नावाने हाक मारताना जीभ अडली. पहिल्यांदा नीट आलं नाही, म्हणून परत म्हटलं.

काही झालं नाही. ऊन समोरच्या इमारतीमागे गेलं. पायाला मुंग्या आल्या. शिवानी मला हळू आवाजात कोमुगीच्या शेपटीबद्दल काहीतरी सांगत होती, आणि ताई फोनमधून म्हणाली, "हलू नका."

कठड्यावर होता. मोठी चोच, एक पंख जरा विस्कटलेला. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आकाशात बघितलं. कोमुगीला शोधत असणार. भीत होता, ते अगदी दिसत होतं. तरी खाली उतरला. भाताला चोच लावली, मग एक वडा उचलला आणि गेला.

ताई रडत होती. म्हणाली, "आता जेवा सगळे. मलाही भूक लागली," आणि फोन ठेवला.

जेवून खाली फलकापाशी गेलो. आधी माझी तीन भाषांतली सूचना काढली आणि घडी करून खिशात ठेवली. मग तक्ता. बासष्ट दिवस शून्य, अजून आठवडा राहिला होता. नागाशिमा-सान टपालपेटी बघायला आले होते, ते शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्यासमोर आजच्या तारखेपुढे मी १ लिहिला. शेऱ्याचा रकाना पहिल्यांदाच भरला, जपानी अक्षरांत.

त्यांनी चष्मा सारखा करून वाचलं. "सु-चि-तो-रा. हे कावळ्याचं नाव?"

"नाही. माझ्या आईचं. मीच बोलावलं होतं. नियम मी मोडला."

मग खिशातून पेन काढून त्यांनी त्या एकाशेजारी आपला छोटा गोल शिक्का असतो तशी खूण केली, म्हणजे आकडा बघितला, मान्य आहे. आणि विचारलं, "जेवल्या का नीट?"

"एक वडा घेऊन गेली," मी म्हटलं.